सोसायटीच्या पडीक जागेत देशी जंगल: दाट लावावं की विरळ?

माळावरचा

आमच्या सोसायटीच्या मागे चार गुंठे जागा बांधकाम संपल्यापासून पडून आहे. मंजूर नकाशात ती मोकळी जागा म्हणून दाखवलेली आहे, त्यामुळे तिथे काही बांधायचा प्रश्न नाही. सध्या राडारोडा, गाजरगवत, पावसाळ्यात टाकळा आणि कुंपणाच्या कडेने आपसूक माजलेली सुबाभूळ, एवढीच मंडळी तिथे आहेत. वार्षिक सभेत "तिथे काहीतरी करा" असं एकमताने ठरलं आणि ते काहीतरी माझ्या गळ्यात पडलं. पेव्हर ब्लॉक टाकून जादा पार्किंग, हिरवळ आणि बाकं, किंवा देशी झाडांचं छोटं जंगल, असे तीन प्रस्ताव आहेत. माझं मत तिसऱ्याला. पण एका ठेकेदाराने दिलेला मियावाकीचा (दाट लागवडीच्या जपानी पद्धतीचा) आराखडा वाचून जरा थबकलोय.

आराखडा असा: सगळी जागा एक मीटर खोल खणायची, भाताचं तूस, कोकोपीट आणि शेणखत मिसळून परत भरायची, दर चौरस मीटरला तीन रोपं लावायची, वर पेंढ्याचं जाड आच्छादन आणि दोन-तीन वर्षं पाणी. आता गणित बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०० चौरस मीटर. चार गुंठ्यांत १२०० रोपं. मीटरभर खोदाई म्हणजे ४०० घनमीटर, म्हणजे १४० ब्रासच्या आसपास माती वरखाली. पाणी चौरस मीटरला रोज पाच लिटर धरलंय, म्हणजे दिवसाला २००० लिटर. दहा हजारांचा टँकर पाच दिवसांत संपला!

आमचा भाग घाटाच्या पूर्वेला. पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. वर हात-दीड हात भराव, खाली मुरूम. यादीत कडुनिंब, करंज, बकुळ, सीताअशोक, कदंब, ताम्हण, अर्जुन, जांभूळ अशी नावं आहेत. सगळी देशी आहेत हे मान्य. पण आमच्या जागेची आहेत का? जाणकारांनी सांगावं.

निसर्गवेडी

सर्वप्रथम अभिनंदन, पार्किंगला पर्याय सुचवणारा माणूस सोसायटीत सापडणं हीच मोठी गोष्ट.

मियावाकीबद्दल हल्ली दोन टोकांची मतं ऐकू येतात, म्हणून थोडी पार्श्वभूमी. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ, २०२१ मध्ये वारले. जर्मनीत राइनहोल्ड ट्यूक्सेन यांच्याकडे शिकताना त्यांना एक प्रश्न मिळाला: माणसाने हात काढून घेतला तर या जागी आपसूक कोणतं जंगल उभं राहील? त्याचं उत्तर त्यांनी जपानमधल्या देवळांभोवती राखलेल्या रायांमध्ये शोधलं. थोडक्यात, त्यांच्या देवराया. तिथली झाडं, झुडपं, वेली नोंदवून, त्यांचं बी गोळा करून १९७० च्या दशकापासून त्यांनी कारखान्यांच्या आवारात दाट लागवडी केल्या. २००६ चा ब्लू प्लॅनेट पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. आपल्याकडे शुभेंदु शर्मा यांनी ही पद्धत रुजवली.

शहरात जागा कमी असते, लोकांना धीर त्याहून कमी. दाट लावल्यावर रोपं उजेडासाठी सरसरून वाढतात, दोन-तीन वर्षांत हिरवी भिंत दिसते आणि तेवढ्यावर पुढच्या कमिटीचा विरोध मावळतो. हा फायदा लहान नाही. मी तरी दाटच लावा म्हणेन.

घाटपायथा

इतिहास बरोबर सांगितलात, पण त्यातली पहिली पायरीच आपल्याकडे गाळली जाते. मियावाकी आधी जवळचं शिल्लक जंगल वाचायचे, मग रोपं मोजायचे. आपल्याकडे चौरस मीटरला तीन हा आकडा तेवढा आला, वाचन जपानलाच राहिलं.

जपानमध्ये पाऊस वर्षभर विभागून पडतो. मियावाकींची जंगलं बहुतांशी सदाहरित. आपल्या पठारावर आठ महिने कोरडे जातात आणि इथलं मूळ जंगल शुष्क पानझडी. त्याची ठेवणच वेगळी: धावडा, सालई, मोई, पळस अंतर राखून उभे, मधे ऊन जमिनीपर्यंत पोचतं, खाली गवत आणि झुडपं. पाण्यासाठी मुळांना लांब पसरावं लागतं, म्हणून ते अंतर असतं. तिथे मीटरभर जागेत तीन झाडं कोंबली की टँकर चालू आहे तोवर ती उंच जातात. टँकर थांबला की आपसात मारामारी. जी जगतात तीही बऱ्याचदा अंगठ्याएवढ्या खोडाची, शेंड्याला चार पानं असलेली. कोकणात, जिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, तिथे दाट लागवड पुष्कळ शोभते. सरसकट विरोध नाही माझा.

यादीबद्दल. ताम्हण राज्यपुष्प आहे म्हणून सगळीकडे लावतात, पण ते ओढ्याकाठचं, ओलाव्याचं झाड. कदंब तसाच. सीताअशोक आणि बकुळ सह्याद्रीतल्या सावलीत, दमट हवेत खुलतात. अर्जुनाला पाय ओले लागतात. तुमच्या मुरमावर त्यांना आयुष्यभर सलाईन लावून ठेवावं लागेल.

त्याऐवजी जवळच्या टेकडीवर किंवा देवराईत जाऊन बघा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर मूलभूत काम केलंय. त्यातून एवढं तरी कळतं की त्या त्या भागाचा अस्सल नमुना कुठे शिल्लक असेल. तुमच्या पावसाला मी हे धरीन: धावडा, मोई, पळस, खैर, हिवर, बहावा, आपटा, बारतोंडी, मेडशिंगी, वारस, भोकर, काटेसावर, पांगारा, बिवळा, काळा कुडा. खानदेशात असाल तर अंजन हवाच. झुडपांत मुरुडशेंग, धायटी, करवंद, निरगुडी, हेकळ. पाणी मुरणाऱ्या सखल कोपऱ्यात करंज, जांभूळ, उंबर.

आणि एक गोष्ट हात जोडून. जागा मुळात माळरान असेल, म्हणजे कुसळी-पवन्यासारखं गवत पिढ्यान्‌पिढ्या असलेलं, तर तिथे झाडं लावू नका. गवताळ माळ हा स्वतःच एक पूर्ण अधिवास आहे. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक त्यावर जगतात, सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षीही त्यावरच जगला. धागाकर्त्याची जागा राडारोड्याची आहे म्हणून इथे अडचण नाही. पण हे वाचून कुणी टेकडीच्या पठारावर खड्डे मारायला निघू नये.

खजिनदार_बी_विंग

मी दुसऱ्या सोसायटीचा, पण पद तेच. माझे रुक्ष प्रश्न. साप आले तर? डासांचं काय? पालापाचोळ्याने गटार तुंबलं तर? मुळं पाण्याच्या लाइनीत गेली तर? आणि दहा वर्षांनी जागा दुसऱ्या कामाला लागली तर झाडं काढता येतील का? सभेत हेच विचारलं जाणार, तयारीत जा.

घाटपायथा

प्रश्न रास्त आहेत. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आधी तो.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. पालिका हद्दीत झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तुम्ही स्वतः लावलेलं, तुमच्याच जागेतलं असलं तरी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण मिळालंय. म्हणजे जंगल लावणं हा जवळजवळ परतीचा दोर कापणारा निर्णय आहे. माझ्या मते तोच त्याचा गुण, पण सभेला हे आधी स्पष्ट सांगा आणि ठराव इतिवृत्तात नीट लिहून घ्या. सुबाभूळ काढण्याआधीही पालिकेच्या उद्यान विभागाकडून लेखी घ्या.

साप: ते उंदरांमागे येतात, उंदीर उष्ट्या-खरकट्यामागे. कचरा नीट असेल तर निम्मं काम झालं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट पट्टा मोकळा ठेवा, रात्री उजेड-बॅटरी, आत अनवाणी जायचं नाही. डेंग्यूचा एडिस साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणजे तुमच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि टाकीच्या उघड्या झाकणाखाली. पाणी मुरणाऱ्या जमिनीत नाही. झाडांच्या ढोलीत पाणी साचतं हे खरं, पण तुमच्या झाडांना ढोली पडायला आपण असू की नाही कुणास ठाऊक.

पाइपलाइन, ड्रेनेज चेंबर आणि संरक्षक भिंत यांच्यालगत वड-पिंपळ-उंबराच्या कुळातलं काही नको. तिथे झुडपं आणि गवत ठेवा.

रोपवाटिकावाला

माती न बघता यादीवर भांडताय म्हणून मधे पडतो.

राडारोडा आधी उचला. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, त्यात लोह असूनही रोपाला मिळत नाही, पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक समजतात पाणी कमी पडलं आणि आणखी पाणी घालतात. नंतर चार ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घ्या, पाण्याने भरून जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनीही उभं असेल तर खाली दाबलेला थर आहे, कारण बांधकामाच्या वेळी तिथून ट्रक-डंपर गेलेले असतात. तो थर पहारीने किंवा जेसीबीच्या दाताने फोडा. सगळी जागा मीटरभर उलटीपालटी करायची गरज मला वाटत नाही. मुरूम फुटला की देशी झाडाचं मूळ त्यात स्वतःची वाट काढतं.

रोपं घेताना उंचीला भुलू नका. सहा फुटी रोप आणि पिशवी वीतभर, म्हणजे मूळ आत गोल गोल गुंडाळलंय. पिशवी फाडून बघायची परवानगी जो नर्सरीवाला देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. (मी देतो, पण इथे जाहिरात नको.) दीड-दोन फुटी, खोड ताठ, मूळ सरळ असलेलं रोप दुसऱ्या वर्षी त्या सहा फुटीला गाठतं.

स्वतः बी रुजवणार असाल तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. जांभूळ आणि कडुनिंब ताजंच पेरा, काही आठवड्यांत उगवण घसरते. पळसाच्या चपट्या शेंगेत एकच बी, तेही फार दिवस ठेवू नये. बहाव्याचं बी उलट, कवच इतकं टणक की उकळी काढून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवावं लागतं किंवा कडेला कानस मारावी लागते. धावड्याचं बी मूठभर दिसतं पण त्यात बहुतेक पोचट, त्यामुळे नर्सरीत धावडा क्वचित. आधी सांगून ठेवलंत तरच मिळेल.

कडूकारलं

सगळं छान. आता माझं भाकीत ऐका. जूनमध्ये शुभारंभ, फेटे, नारळ, फलक, प्रत्येक रोपाशेजारी एक फोटो. ऑक्टोबरपर्यंत उत्साह. फेब्रुवारीत ठिबकची नळी उंदराने कुरतडलेली असते आणि चावी वॉचमनकडे, वॉचमन बदललेला. मार्चमध्ये कुणीतरी "कचरा फार झालाय" म्हणून पालापाचोळा झाडून घेतो आणि कोपऱ्यात पेटवतो. सोबत अर्धी रोपं. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत पुन्हा शुभारंभ. प्रजाती कुठल्या, अंतर किती, यावर इथे दोनशे प्रतिसाद येतील. मार्चमध्ये झाडू कोणाच्या हातात असेल, ते आधी ठरवा.

निसर्गवेडी

कडूकारलं, नावाला जागलात. पण मुद्दा शंभर टक्के खरा.

शेवंती

+१. मार्चबद्दल मला आणखी एक भर घालायची आहे. पानझडी झाडं लावणार असाल तर सभासदांना आधीच सांगून ठेवा की फेब्रुवारी ते मे या जागेत सांगाडे दिसतील. "झाडं मेली, पैसे बुडाले" ही ओरड तेव्हाच होते आणि घाबरून कुणीतरी चौथ्या-पाचव्या वर्षीही पाणी सोडत बसतं. खरं तर पळस, पांगारा, काटेसावर पानं टाकून मगच फुलतात. त्या दिवसांत एकेका काटेसावरीवर मैना, साळुंक्या, सूर्यपक्षी, कोतवाल यांची जी झुंबड असते ती हिरव्यागार गुलमोहरावर कधी दिसत नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसायला देखणा, पण इथल्या अळ्या-पाखरांचं त्याच्याशी फारसं जुळलेलं नाही.

पालापाचोळ्याचं म्हणाल तर मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या अशाच एका लागवडीत नेहमी जाते. पावसाळा सरता सरता तिथे खाली बसून पानांचा थर हाताने उचलून बघावा. वरची पानं कोरडी, कुरकुरीत. त्याखालची चिकटलेली, त्यांची जाळी झालेली, जाळीवरून बुरशीचे पांढरे धागे एका पानातून दुसऱ्यात गेलेले. त्याखाली वाणी किडा वेटोळं करून, एखादी गोगलगाय, आणि मग पान कुठलं माती कुठली ते सांगता येत नाही असा काळा, ओल्या वासाचा चुरा. हे सगळं झाडूच्या एका फेऱ्यात जातं. बाहेरून विकत आणलेलं खत या थराची बरोबरी करत नाही.

आणि कृपा करून झुडपांना दुय्यम समजू नका. फुलपाखरांचा निम्मा कारभार खालच्या मजल्यावर चालतो. रुईवर प्लेन टायगर, कढीपत्ता आणि लिंबाच्या कुळावर कॉमन मॉरमॉन. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झालेला ब्ल्यू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळावर अंडी घालतो. झाडांत बहाव्यावर एमिग्रंट, टेंभुर्णीवर बॅरोनेट. मुरुडशेंग तर लावाच, तिची पिळदार शेंग बघून मुलं एकदा थांबली की मग बाकीच्या झाडांचीही नावं विचारतात.

खजिनदार_बी_विंग

एसटीपीचं (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) पाणी चालेल का? आमच्याकडे ते रोज गटारात जातं आणि मग आम्ही बागेसाठी टँकर मागवतो. (हसू नका, तुमच्याकडेही हेच आहे.)

रोपवाटिकावाला

चालतं, पण क्षार तपासून घ्या. क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर दिवसभर उघड्या टाकीत ठेवून मग सोडा. पावसाळ्यात जमिनीला चांगलं पाणी बसलं की साठलेले क्षार खाली निघून जातात, म्हणून निचऱ्याचा खड्डा आधी तपासा म्हणालो. पाणी रोज थोडं थोडं देऊ नका, मुळं वरच राहतात. आठवड्यातून दोनदा खोल द्या, दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा, तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याने, मग बंद. काही रोपं जातील. जाऊ द्या.

माळावरचा

सगळ्यांचे आभार. सभेपुढे काय ठेवतोय ते लिहितो, फाडून खायला मोकळीक आहे.

चार गुंठ्यांपैकी एसटीपीच्या बाजूचा सखल गुंठा दाट. तिथे करंज, जांभूळ, अर्जुन, भोकर वगैरे, पण चौरस मीटरला एकच रोप. निसर्गवेडींची हिरवी भिंत रस्त्याकडून दिसेल अशी. उरलेल्या तीन गुंठ्यांत मोठी झाडं आठ फुटांवर, म्हणजे पन्नासएक, मधे झुडपं, आणि मधोमध एक तुकडा मुद्दाम गवताचा. तिथे काहीच लावायचं नाही, फक्त गाजरगवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटत राहायचं. ज्येष्ठ मंडळींसाठी एक वळणदार मातीची पायवाट, पेव्हर नाही. ड्रेनेजच्या रेषेवर झाड नाही. पाणी एसटीपीचं.

ठरावात दोन वाक्यं शब्दशः घालतोय: "या जागेतील पालापाचोळा उचलला किंवा जाळला जाणार नाही" आणि "हाउसकीपिंगच्या करारात ही जागा समाविष्ट नाही". कडूकारलं, झाडूचा बंदोबस्त एवढाच जमतोय. फलकावर माणसांची नावं नकोत, झाडांची असतील, असंही सुचवतोय. हे मात्र अध्यक्षांना पटेलसं वाटत नाही.

घाटपायथा

दाट गुंठ्याबद्दल माझी कुरकुर कायम आहे, पण अर्जुन-जांभळाला तिथे पाणी आहे म्हणून गप्प बसतो. दोन्ही पट्ट्यांची वाढ आणि पाणी वेगवेगळं लिहून ठेवा. एकाच मातीत, एकाच पावसात दोन पद्धती शेजारी शेजारी बघायला सहसा मिळत नाहीत, इथे टाका म्हणजे पुढचं भांडण आकड्यांवर होईल. आठ फुटांवर सुरुवातीला जागा उघडी-बोडकी दिसेल. पहिली दोन वर्षं मधे तूर, शेवरी किंवा ताग टाका, सावलीही मिळेल आणि ही शेंगवर्गीय असल्यामुळे मातीत नत्र राहील. ग्लिरिसिडिया कुणी सुचवेल, पण ते परदेशी झाड, नको.

कडूकारलं

ठराव आवडला. फलकाचा मुद्दा सोडा, फलक होऊ द्या. अध्यक्षांचं नाव त्यावर असलं की मार्चमध्ये पाण्याचं तेच बघतील.

माळावरचा

हे डोक्यातच आलं नव्हतं, फलकाबद्दलची सूचना मागे घेतोय. एक शेवटचं: आपट्याची रोपं म्हणून जी मिळतात ती बऱ्याचदा कांचनाची निघतात असं ऐकलं. ओळखायची कशी?

रोपवाटिकावाला

दसऱ्याला बाजारात होतं तेच. दोघांचंही पान मधे दुभंगलेलं, म्हणून गल्लत होते. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, वरून काळपट हिरवं, मागे फिकट आणि बारीक लव. कांचनाचं पान मोठं, पातळ. रोप हातभर झालं की फरक स्पष्ट कळतो, त्याआधी नर्सरीवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. खड्डे मे महिन्यात घेऊन उन्हात तापू द्या आणि लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, माती वीतभर ओली झाली की. पहिल्याच सरीला धावत सुटू नका, मधे पावसाने दडी मारली की नवी रोपं जागेवर वाळतात. धावडा हवा असेल तर नर्सरीला आत्ताच कळवा.